पाठ करून बोललेलं

१२ नोव्हेंबर
मालक पळाला तेव्हा नाचलो होतो – गिरणी आपली झाली म्हणून! आज आपल्याच कमिटीने नवी यंत्रं आणली. निम्म्या बायका उद्यापासून घरी. "प्रगतीची किंमत मोजावीच लागते." कोण म्हणालं? माझाच नवरा! कमिटीवर गेल्यापासून साहेब घरातही भाषणच देतात.
मी भर सभेत उठून सुनावलं – दर वेळी आम्हीच का मोजायची? ह्याचा चेहरा पांढराफटक.

१४ नोव्हेंबर
काल रात्री कुणीतरी नवं यंत्र फोडलं. वरच्या कमिटीकडून माणसं आलीत, त्यांना फोडणाऱ्याचं नाव हवंय. हा जेवलाच नाही.
माझा धाकटा भाऊ, तोही गिरणीतच मागावर, परवापासून आमच्याकडेच आहे, तापाने फणफणलेला. औषध ह्यानेच आणलं.

१५ नोव्हेंबर
ताप उतरला तसा धाकटा खिडकीशी उभा राहून ह्याच्याशी बराच वेळ बोलत होता. मी चहा घेऊन गेले तर दोघांनी माझ्याकडे पाठ केली. मागांच्या खडखडाटात आवाज ऐकू येत नाही, म्हणून गिरणीत आम्ही सगळे एकमेकांचे ओठ वाचतो. आमच्या घरात गुपित बोलायचं तर पाठच करावी लागते.
मेहुण्या-दाजींचं असं काय शिजतंय? मला हसूच आलं.

१६ नोव्हेंबर
डबा द्यायला ऑफिसात गेले. काचेपलीकडे हा, समोर वरची माणसं. आवाज येत नव्हता. गरजच नव्हती! ह्याच्या ओठांवर धाकट्याचं नाव. "त्यानेच फोडलं. मी पाहिलं."
अरे, तो तर आपल्या घरात पडून होता!
संध्याकाळी ती माणसं धाकट्याला घेऊन गेली.

१७ नोव्हेंबर
खुर्चीसाठी ह्याने माझ्या भावाचा बळी दिला. ह्या माणसाशी संसार केला मी! कशासाठी लढलो, कुणासाठी उपाशी राहिलो – सगळं मातीत गेलं.
हा काही सांगायला आला की मी कानांवर हात ठेवते. ओठ हलवतो. मग डोळे मिटून घेते.

२० नोव्हेंबर
धाकट्याला आज लांब पाठवलं. कुठे, सांगत नाहीत. गाडीच्या काचेआडून तो माझ्याकडे बघून ओठ हलवत होता, अगदी सावकाश, मला नीट कळावं म्हणून.
"ताई, दाजींवर रागावू नकोस. वरच्यांनी तुझं नाव ठरवलं होतं. मीच म्हटलं, माझं सांगा."