व्याह्यांचा भोपळा आणि तुझा गुडघा

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. आम्ही सगळे धडधाकट आहोत. तू कशी आहेस? विशेषतः डावा गुडघा कसा आहे? (दुखत असेल तर उत्तमच. का, ते शेवटी सांगतो.) भाऊजींचा खोकला थांबला असेलच. एकाच गावात राहून पत्र कसलं, म्हणून दचकू नकोस. मी फोन उचलला की तुझ्या भावजयीचं भांडी घासणं थांबतं आणि कान इकडे लागतात, म्हणून हा खटाटोप.

तर गोष्ट माझ्या लेकीच्या लग्नाची. तिनं पसंत केलेला मुलगा चांगला आहे, पण त्याचे वडील निवृत्त हेडमास्तर. आम्हाला पारखल्याशिवाय ते होकार देणार नव्हते. भेट ठरली रविवारी दुपारी, त्या नव्या कॅफेटेरियात. आता वसतिगृहात तीस वर्षं वाढपी म्हणून काढल्यावर हाताला खोड लागतेच. त्यामुळे निघतानाच तुझ्या भावजयीनं बजावलं, "आज मुकाट्यानं बसून खायचं. कुणाच्या ताटात काही वाढलंत तर याद राखा." मी शब्द दिला. मनापासून दिला होता, ताई.

आम्ही अर्धा तास आधीच पोचलो. मायलेकी खिडकीजवळचं टेबल धरून बसल्या आणि मी ट्रे आणायला गेलो. तिथली पद्धत अशी, की रांगेतून सरकत आपलं आपण वाढून घ्यायचं. काचेमागे ताज्या भाज्यांची पंधरा पातेली, फरसबी, गाजर, पालक, बीट, शिवाय मध लावून भाजलेला भोपळा, अजून वाफा निघत असलेला. प्रत्येक पातेल्यात डाव आहे आणि तो धरायला माणूस नाही. लोकांचे हाल बघवेनात. एका बाईनं बिटाचा डाव सरळ पालकात बुडवला. मी फक्त तो पुसून जागेवर ठेवायला काचेपलीकडे गेलो (एवढंच, शपथेवर सांगतो), तर एका म्हातारीनं माझ्यापुढे ताट धरलं. निवृत्त होऊन सहा महिने झाले, ताई. सहा महिन्यांत माझ्यापुढे कुणी ताट धरलं नव्हतं. मला भरून आलं, आणि हात चालू झाला.

रांग कशी झरझर सरकली म्हणून सांगू. त्यात एक उंच, मिशाळ गृहस्थ एकटेच आलेले. भोपळ्यासाठी दोनदा येऊन गेले. तिसऱ्या खेपेला मी हात आखडता घेतला आणि वसतिगृहातल्या आवाजात म्हणालो, "आधी ती फरसबी संपवा. टाकलेली दिसतेय मला." बिचारे मान खाली घालून गेले, उभ्याउभ्याच फरसबी संपवली आणि रिकामं ताट दाखवायला परत आले. मी अर्धा डाव भोपळा जास्त घातला.

नंतर मी साळसूदपणे टेबलाशी आलो, तर दारातून मुलगा आणि त्याची आई येत होते, आणि त्यांच्यामागे, मघाशी गुपचूप बाहेर सटकून आता नव्यानं आल्यासारखे, मिशीला मध लागलेले हेच गृहस्थ. लेकीचं लग्न मी एका डावानं मोडलं, असंच वाटलं. तेवढ्यात विहीणबाई म्हणाल्या, "यांना डॉक्टरांनी गोड बंद केलंय. दिवसभर तोंडाला लावलेलं नाही." हेडमास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. मग मी हळूच म्हणालो, "फरसबी प्रकृतीला चांगली." ते लगेच म्हणाले, "मुलगी आम्हाला पसंत आहे. घराणं शिस्तीचं दिसतंय."

भाऊजींना नमस्कार. लग्नाला महिनाभर आधीच राहायला या.

तुझा,
धाकटा

ता. क. हे पत्र मी त्याच कॅफेटेरियाच्या मागच्या खोलीत, एप्रन बांधून लिहितो आहे. मॅनेजरनं सोमवारपासून मला दुपारच्या वेळी ठेवून घेतलं. घरी सांगितलंय, की रोज तुझ्या गुडघ्याला तेल चोळायला जातो. एवढं सांभाळून घे.

ता. क. २. व्याही रोज येतात. एक अक्षर बोलत नाहीत, नुसतं ताट पुढे करतात. मी फरसबीच जास्त घालतो, पण मी पडलो लेकीचा बाप, चमचाभर भोपळा द्यावाच लागतो.

ता. क. ३. तुझी भावजय गुरुवारी तुझा गुडघा बघायला येते आहे. लंगडायला आजच लाग. डावा सांगितलाय.