शोकेसमधलं सूर्यफूल

प्रिय दादा,

काल वहिनीचा फोन आला. तू गेल्यापासून राजारामपुरीतलं आपलं चपलांचं दुकान तीच चालवते. म्हणाली, नंदा, यंदाची दिवाळीची शोकेस तू करशील का? मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि तुझा इतका राग आला, की लिहायलाच बसले.

पहिली शोकेस आठवते? मी आर्ट स्कूलला होते. गडहिंग्लजच्या मावशीच्या शेतातलं सूर्यफूल आणून बिया बघत बसायचे. प्रत्येक बी आधीच्या बीपासून ठरावीक कोनात वळलेली, आणि त्यातून दोन्हीकडं फिरणारी वळणं आपोआप उमटलेली. तशाच मी चपला मांडल्या. मधे तान्ह्या बाळाची, कडेला पैलवानाच्या मापाची. तू स्टूल धरून कुरकुरत होतास, दुकान हाय का जत्रा म्हणून. पण लोक रिक्षा थांबवून बघायला लागले, तसा तूच बाहेर जाऊन गर्दीत उभा राहिलास!

पुढच्या दिवाळीला मी पुन्हा तसंच फूल मांडलं आणि एसटीडी बूथवरून फोन करून माझ्या सरांना ते बघायला बोलावलं होतं. ते संध्याकाळी येणार होते. दुपारी मलकापूरची एक बाई आली, कडेवर लेकरू. तिला मधलीच चप्पल हवी होती आणि त्या मापाचा दुसरा जोड नव्हता. तू काच सरकवलीस आणि काढून दिलीस की! मी येऊन बघते तर फुलाला मधोमध भोक. गिऱ्हाइकांसमोर तुला नाही नाही ते बोलले.

तू एवढंच म्हणालास, "पोरगं चालाय लागलंय. त्याच्या पायापेक्षा तुझं फूल मोठं हाय व्हय?"

त्यानंतर मी शोकेसला हात लावला नाही. लग्न होऊन सांगलीला आले, तरी दर दिवाळीला तुझा फोन यायचा. करतीस का? मी म्हणायचे, मोडणार नसशील तर. आणि तू म्हणायचास, गिऱ्हाईक आलं तर काढणार की.

अरे, एकदा तरी खोटं बोलायचंस! मी केली असती, तू मोडली असतीस, भांडलो असतो, फराळाला बसलो असतो. त्याऐवजी काचेमागं चपला सरळ रांगेत, आणि भाऊबीजेला आले की मी तिकडं न बघता आत जायचे. किती दिवाळ्या घालवल्या रे आपण!

मीच चुकले असं मी अजूनही म्हणणार नाही. एक संध्याकाळ थांबला असतास तर काय बिघडलं असतं? पण फूल मला पुन्हा मांडता येईल. तुझ्याशी भांडता येणार नाही. त्याचंच रडू येतं.

परवा येतेय. मधे तान्ह्याचीच चप्पल ठेवीन. कुणी मागितली तर वहिनीला उठू देणार नाही. मीच काढीन, त्या लेकराच्या पायात घालीन. आणि ते भोक बुजवणार नाही, दादा.

तुझ्याइतकीच हट्टी,
नंदा