लिवियाने न फोडलेला दगड

प्रिय लिविया,

फोन केला की तू "सगळं ठीक ना, वन्सं? सिन्योरा हाक मारतेय" एवढं म्हणतेस आणि ठेवून देतेस. तुझ्या त्या इटालियन म्हातारीला नेमकी माझ्या फोनच्या वेळीच कशी तहान लागते, देव जाणे! म्हणून लिहायला बसले. कागद काही मधेच ठेवून देता येत नाही. म्हणजे येतो, पण ठेवू नकोस. आधीच सांगून टाकते: हे पत्र त्रायानच्या दगडाबद्दल आहे. माझ्या भावाला, तुझ्या नवऱ्याला ज्याने नेलं, त्याच दगडाबद्दल. आता गावाला तो दगड हवाय. पण दगड तुझा आहे, तेव्हा हो की नाही ते तूच सांगायचंस. आता एखाद्या जागी नीट बस आणि वाच.

तू गेल्यावर खाण बंद झाली आणि आपल्या शेर्बोवा गावाला कुत्रं विचारेनासं झालं. धडधाकट माणसं जर्मनीला, बायका तुझ्यासारख्या इटलीला, आणि मागे उरलो आम्ही, गुडघे धरून बसणारे. अशात मागच्या वसंतात तिमिशोआराहून एक पोरगी आली. रालुका तिचं नाव, भूगर्भशास्त्र शिकवते. पाठीवर पिशवी, हातात छोटा हातोडा, आणि दिवसभर खाणीमागच्या टाकाऊ दगडांच्या ढिगावर शेळीसारखी चढउतार. आपल्या मुकादम व्हेन्झेलकाकांना राहवेना. "बाई, कोळसा संपला, आम्हीही संपत आलो, तू काय हुडकतेस?" ती म्हणाली, "कोळशाच्या वरचं छप्पर हुडकतेय, काका." काकांनी माझ्याकडे बघून कपाळाला बोट लावलं. मी तिला जेवायला बोलावलं, कारण वेडी असली तरी उपाशी कशाला राहील? तर अंगणात येताच ती अशी किंचाळली की मला वाटलं साप निघाला. माझ्या खुराड्यावर झाकायला टाकलेली ती फरशी आठवते? पानांच्या नक्षीची? "ताई, हे नेचं डायनासोरच्या काळातलं आहे! वीस कोटी वर्षांच्या घरातलं!" मी म्हटलं, असेल बाई, पण कोंबड्या भिजतील, आधी दुसरी फरशी आण.

त्या फरशीपासून सगळं सुरू झालं. आपण ज्यांना नुसती दगडातली फुलं म्हणायचो, ती बघायला आता लोक येतात ग! आधी तिचे विद्यार्थी आले, मग झेक आले, मग पोलिश, आणि परवा एक जपानी जोडपं ढिगाऱ्यासमोर तास तास बसून चित्र काढत होतं. पहिला बोगदा साफ करून, नवे टेकू लावून, दिवे घालून येत्या उन्हाळ्यात उघडायचा ठरलाय. व्हेन्झेलकाका हेल्मेट घालून वाट दाखवतात आणि थापा मारतात. खाणीची खोली दर आठवड्याला वाढतेय, अशीच चालली तर लवकरच तुझ्या इटलीत निघेल. मी जिथे पाळीवर जाणाऱ्यांना दिवे वाटायचे, त्याच खोलीत आता घेवड्याचं सूप आणि आलुबुखारचे उंडे विकते. दोन पोरी मदतीला ठेवल्यात. जर्मनीहून पावेल कुटुंबासकट परत आलाय, घराला रंग देतोय. खोटं कशाला सांगू, मला सकाळी उठावंसं वाटतं हल्ली.

आता दगडाकडे येते. रालुकाने एकदा सूप पिता पिता विचारलं, "छतात कधी गोल दगड दिसायचे का? रांजणाच्या बुडासारखे?" ओळीने सगळे चमचे थांबले. व्हेन्झेलकाकाच बोलले शेवटी. "दिसायचे. रांजणच म्हणायचो आम्ही. दिसला की भोवती खडूने गोल काढायचा, खाली टेकू द्यायचा आणि छातीवर क्रुसाची खूण करून पुढे जायचं. नाही दिसला तर तोच आपल्याला बघायचा." मग तिने समजावलं, की ते झाडांचे बुंधे आहेत. पुराच्या गाळात झाड उभंच्या उभं गाडलं जातं, आतून कुजतं, पोकळीत गाळ भरतो, त्याचा दगड होतो. साल तेवढी कोळशाची होते, तेल लावल्यासारखी गुळगुळीत. खालचा कोळसा काढला की दगड त्या सालीतून निसटतो, करकर नाही, माती नाही, काहीच नाही. बाकीचं छत बोलतं, लिविया, हा बोलत नाही. म्हणूनच त्रायानसारख्या सावध माणसालाही कळलं नाही. इतकी वर्षं मला वाटायचं तो त्या दिवशी बेसावध होता. नव्हता ग. हे ऐकून मी मोरीत जाऊन रडून आले.

मग तिने विचारलं, "मला एक तरी बुंधा बघायला मिळेल का?" कसा मिळणार? माणूस मारणारा रांजण वर आणायचा, खाणीच्या तोंडाशी ठेवायचा, घरच्या बाईने पहिला घाव घालायचा आणि मग पाळीवरच्या सगळ्यांनी त्याचा चुरा करायचा, ही आपली रीत. पणजोबांपासून आपण एकूण एक फोडत आलो. रालुकाचा चेहरा पडला. तेव्हा कोपऱ्यातून पावेल हळूच म्हणाला, "एक आहे. लिवियाने फोडला नाही तो."

तो दिवस मी विसरलेले नाही. पाऊस नव्हता, ऊन होतं, आणि ते ऊनच मला नको झालं होतं. पाद्रीबाबा उभे, सगळी पाळी उभी, आणि आईने तुझ्या हातात घण दिला. तू तो उचललास. मग खाली ठेवलास, दगडावर हात टेकलास आणि म्हणालीस, "हा आपल्या जागी उभा होता. पायाखालची जमीन आपण काढली." बस, एवढंच. आईने सगळ्यांसमोर हंबरडा फोडला, "नवऱ्यापेक्षा दगड प्यारा झाला हिला! माझ्या पोराचं रक्त हिला दिसत नाही!" ते ऐकून बाया तुझ्यापासून दोन पावलं सरकल्या. तुझा दगड, म्हणून दुसऱ्या कुणाची त्याला हात लावायची छाती झाली नाही. तो दिव्यांच्या खोलीमागे ढकलला गेला. वर्ष व्हायच्या आत तू बसमध्ये बसलीस. आई तुला निरोप द्यायला दारातसुद्धा आली नाही.

रालुका चिंचोळ्या वाटेने, खाजकुयलीसारखी झोंबणारी झुडपं बाजूला करत तिथे गेली. तिने माती पुसली. खाली मुळांचे फाटे, वर सालीचे पट्टे, सगळं शाबूत. ती मटकन खालीच बसली. "ताई, हे झाड जिथे उगवलं तिथेच उभं होतं हो, आपणच खालून जमीन काढून घेतली," म्हणाली. तू त्या दिवशी काय म्हणालीस, ते तिला कुणीच सांगितलं नव्हतं. मी तिला म्हटलं, "बाई ग, माझ्या भावजयीने हे विद्यापीठात न जाताच ओळखलं होतं."

आता नगराध्यक्षांना तो दगड बोगद्याच्या तोंडाशी मांडायचाय. अख्ख्या मुलखात असा दुसरा नाही, म्हणे. आईला कुणकुण लागली मात्र, काठी टेकत निघाली आणि दगडापुढे आडवी उभी राहिली. "माझं पोर खाल्लेल्या दगडाची तिकिटं विकता? लाज वाटत नाही?" नगराध्यक्ष गोरेमोरे झाले. आणि खरं सांगू, मला तिचं पटलं. रालुकाचंही पटलं, आईचंही पटलं. माझी अवस्था धोब्याच्या कुत्र्यासारखी. रालुका वाद घालत बसली नाही. तिने आईचा हात धरून सालीवरून फिरवला. आई बराच वेळ चाचपडत होती. मग विचारलं, "जिवंत होतं हे?" रालुका म्हणाली, "होतं, आजी. फार मोठंही झालं नव्हतं." आई काठी सावरत घरी आली, जेवली नाही, आणि दुसऱ्या दिवशी नगराध्यक्षांना निरोप धाडला, "दगड लिवियाचा. तिला विचारा." लिविया म्हणाली ग! तू गेल्यापासून या घरात 'ती' होतीस.

नगराध्यक्षांना वाटतंय मी तुझी परवानगी मागायला हे पत्र लिहितेय. वाटू दे. तू फोड म्हणालीस तर फोडू, ठेव म्हणालीस तर ठेवू, मी सगळ्या गावाला उभं करून तसं कबूल करून घेतलंय, आणि रालुकालाही ते मान्य आहे. मी लिहितेय ते आईसाठी. काल ती कणीक मळता मळता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "लिही तिला, फोडला नाहीस ते बरं केलंस. मला तेव्हा कळलं नाही." मी म्हटलं, "काय म्हणालीस, आई? पुन्हा सांग." तर लाटणं उगारलंन माझ्यावर! पण ती म्हणाली, लिविया, मी माझ्या कानांनी ऐकलं. तिचे डोळे आता फार अधू झालेत. तुझा चेहरा ओळखू येईल तोवर तरी ये. माफी मागायला तिला जमणार नाही, तूही मागायला लावू नकोस, नुसती तिच्याशेजारी बस. तुझ्या सिन्योराला सांग, उन्हाळाभर दुसरी कुणी बघ. हो म्हणायचं असो की नाही, टपालाने कळवू नकोस. इथे ये, त्या दगडावर हात ठेव आणि तुझ्या तोंडाने सांग. या वेळी कुणीही तुझ्यापासून दोन पावलं सरकणार नाही, बघत्ये मी कोण सरकतं ते.

वाट बघणारी, तुझीच,
सिदोनिया