मरळ वर येते तेव्हा

बाबा, मी आज पुन्हा तलावाच्या पाळीवर बसून आले. तीन दिवस झाले, रोज सकाळी अर्धा तास, फोन घरी ठेवून, अगदी गप्प. शाळेची मोठी बाई मुकी बसलेली पाहून येणारेजाणारे विचारतात, "बाई, तब्येत बरी हाये ना?"

मला तो सुट्टीतला दिवस आठवतो. चंद्रपूरच्या कॉन्व्हेंटमधून मी सिंदेवाहीला घरी आलेली, आणि सिस्टरांच्या धाकानं दाबून ठेवलेलं सगळं बोलणं तलावात तुझ्या डोंग्यात बसताच सुटलेलं. तू जाळं खांद्यावर घेऊन उभा. "चूप राय बाई," तू म्हणतोस. मी शहाणपणा करते, पाण्याखालच्या माशांना आपलं बोलणं कुठे कळतं! तू खदखदून हसतोस. "त्याहिले नाई कळत. पन मरळ दम घ्याले वर येते, तो आवाज मले आयकू आला पायजे. तू बोलून राह्यली त मले काय आयकू येईन?" मी फ्रॉकची कॉलर दातांत धरून बसते. बराच वेळ काहीच नाही. मग डावीकडे, शिंगाड्याच्या वेलांजवळ, हलकेच 'डुब्'. तुझ्याआधी माझं बोट तिकडे जातं. घरी मरळ दाखवून तू आईला सांगितलंस, "पोरीनं चूप बसून धरली." आई म्हणाली, "हे? चूप? झूट नको बोलू."

पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतेय. लेक पुण्याला बोलावते, आणि एटापल्लीच्या मुलींच्या वसतिगृहाला सांभाळणारी बाई हवी आहे. उत्तर आजच द्यायचं होतं. ज्याला त्याला माझ्याबद्दल मत होतं, मलाच नव्हतं. तीन सकाळी पाळीवर बसले, काही ठरवायचं नाही असं ठरवून. आज लक्षात आलं, मी मघापासून वसतिगृहाच्या अंगणात मुलींचे कपडे वाळवायच्या दोऱ्या बांधतेय, ऊन कुठून येईल ते बघत. पुण्याचं घर एकदाही मनात आलं नव्हतं. मी एकटीच हसले. घरी येऊन लेकीला फोन केला, तर म्हणते, "मला माहीत होतं, आई. मच्छरदाणी विसरू नकोस."

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून हे वहीतच राहील. फक्त एक कबूल करते. उत्तर सापडल्यावर उरलेला वेळ मी गप्प बसले नाही. पाण्याकडे तोंड करून तुला सगळं मोठ्यानं सांगत होते. मरळ वर आली असेल, तर मला ऐकू आली नाही.