पाय खाली, गाणं बंद

दापोडी,
३१ ऑगस्ट २०२५

ती. इंदुताईस,
रंगरावचा सा. न. वि. वि.

गाताना माझा आवाज मध्येच बंद पडतो, ही बातमी खरी आहे. गणपती मंडळाचा माइकवाला शेखर याने काल सगळ्या वायरी बदलून, शेवटी स्वतः माइकमध्ये फुंकर मारून तिला दुजोरा दिला. माइक ठीक आहे, काकाच नादुरुस्त आहेत, असं त्याने त्याच माइकमधून जाहीरही केलं. नाचता येईना तर अंगण वाकडं म्हणायची सोय होती, तीही त्याने ठेवली नाही.

चाकणच्या आमच्या प्लांटमधले जर्मन साहेब मायदेशी परतताना त्यांची पेडल स्टील गिटार मला देऊन गेले, हे तुला माहीत आहे. खंडेनवमीला मी प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकायच्या मशीनांपुढे, मांडीवर आडवी गिटार घेऊन वाजवायचो, त्याची ही शिक्षा. तू ती अजून पाहिलेली नाहीस. गिटार म्हणायची, पण दिसते इस्त्रीच्या टेबलासारखी. डाव्या हाताने लोखंडी कांडी तारांवर सरकवायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या. खालची पट्टी पायाने दाबली की तार ताणली जाते आणि सूर वर चढतो, सोडली की उतरतो. शिवाय गुडघ्यांनी ढकलायचे खटके आहेत. हात, पाय, गुडघे सगळे कामाला. मोकळं राहतं एक तोंड. मी म्हटलं, गाऊन तेही कामाला लावू. तर नेमकं तेच संपावर गेलं.

नुसतं वाजवलं तर वाजतं. नुसतं गायलं तर आवाज येतो. चांगला येतो असा माझा दावा नाही, येतो. दोन्ही एकदम करायला गेलो की पट्टी दाबताच गळा बंद, सोडली की सुरू. पहिल्या रांगेतल्या तानुबाईंनी गाणं चालू असतानाच केळी आणि पेढा माझ्यापुढे ठेवला. त्यांना वाटलं, मला उपास सोसला नाही.

गाणं तुझंच होतं. माझ्या हळदीला तू जुळवलेलं:

नवरा आमचा गळ्याचा, भोंगा जणू कारखान्याचा,
एकदा वाजता गाव उठे, पुन्हा वाजता शिफ्ट सुटे.

तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, तू भोंग्याची उगीच बदनामी केलीस. तो निदान पूर्ण वाजायचा.

सौ. दीपमाला मजेत आहे. तिची मजा मीच आहे.

लोभ आहे तसा राहू दे, माझं गाणं मध्ये आणू नकोस.

तुझा,
रंगा


तळेगाव दाभाडे,
५ सप्टेंबर २०२५

चि. रंगरावास,
इंदुताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मोठ्याने हसले. म्हणजे मला ते ऐकू आलं नाही, पण शेजारच्या बाई खिडकीतून डोकावल्या, त्यावरून मोठ्यानेच हसले असणार.

फोन करायचा नाही, पत्रच लिहायचं, हे आपलं ठरलं ते बरं झालं. परवा ज्ञानेश माझ्याशी वरच्या मजल्यावरून बोलला आणि आमच्या घरात गॅस संपल्याचं सगळ्या सोसायटीला कळलं. मला सोडून.

आता कानाचं. डावा गेला तो गेलाच. उजवाही उतरतो आहे, हे गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून सांगितलं. किती दिवस टिकेल याची तारीख त्या देत नाहीत. कानात घालायचं यंत्र आणलंय. त्यातून माणसांपेक्षा भांडी जास्त बोलतात. जाडे आवाज येतात, बारीक येत नाहीत. मालगाडी ऐकू येते, तिची शिट्टी नाही. ज्ञानेशचं ऐकू येतं, सुनेचं नाही. सून म्हणते, हे दुखणं आधीपासूनचंच आहे.

एक मागते. कान आहे तोवर ते हळदीचं गाणं मला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे, त्या टेबलासकट. तू त्या दिवशी रुसून पिवळ्या अंगाने गच्चीवर जाऊन बसलास, आणि मी गाणं मध्येच सोडून तुला समजवायला आले. तेव्हापासून ते पुरतं कुणी म्हटलंच नाही. यंदा भाऊबीजेला साडी आणू नकोस. कपाटात जागा नाही. गाणं घेऊन ये.

दीपमालाला आशीर्वाद सांग, आणि सहनशक्तीबद्दल शाबासकी.

ओढ आहे ती कळतेच, बाकी पत्राने कळव.

तुझी,
इंदुताई


दापोडी,
१४ सप्टेंबर २०२५

ती. इंदुताईस,
सा. न. वि. वि.

तुझी मागणी वाचली आणि त्या दिवसापासून गळा अधिकच बसला. साडी परवडली असती, ताई.

काय काय केलं ते सांगतो, म्हणजे कामचुकार म्हणणार नाहीस. आधी ओळ म्हणून मग वाजवून पाहिली. दीपमाला म्हणाली, हे म्हणजे आधी भात खायचा आणि मग वरण प्यायचं. मग डोळे मिटून केलं. तेव्हा कांडी तारांवरून घसरून पायावर पडली आणि पहिल्यांदाच पट्टी दाबलेली असताना तोंडातून आवाज निघाला, पण तो गाण्यातला नव्हता. मग चहाबरोबर मध, मग लवंग. लवंगेने तोंड बंद ठेवायला मदतच झाली.

इंटरनेटवर परदेशातले लोक दिसतात. वाजवताहेत, गाताहेत, मध्येच समोरच्याकडे बघून हसताहेत. मला हसणं सोड, थुंकी गिळणं जमत नाही.

म्हणून विचारतो. करिष्मा गाईल आणि मी वाजवेन, चालेल का? पोरीचा गळा आईवर गेलाय, देवाची कृपा. तुला नाही म्हणायला जीभ रेटत नाही, आणि हो म्हणायला गळा.

रागावलीस तरी टपाल बंद करू नकोस.

तुझा,
रंगा


दापोडी,
२१ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,
करिष्माचा शि. सा. न. वि. वि.

पप्पांना न सांगता लिहिते आहे. त्यांनी गिटारवर चादर टाकली. आईने दोन दिवस वाट बघितली आणि तिसऱ्या दिवशी त्यावर खरोखर इस्त्री केली. म्हणाली, उंची अगदी बरोबर आहे. पप्पा एरवी यावर तासभर भांडले असते. या वेळी त्यांनी स्वतःचा शर्ट पुढे केला.

चिंचवडला सुजित म्हणून एक ऑर्केस्ट्रावाला आहे, त्याला दसऱ्यानंतर गिटार देऊन टाकणार म्हणतात. ताईला जे द्यायचं ते देता येत नसेल, तर घरात ठेवून रोज तोंड कशाला बघायचं, असं आईला सांगत होते. मी गाईन गं, मला काही नाही. पण तू मागितलंस ते माझं गाणं नाही, एवढं मला कळतं.

मागच्या रविवारी, चादर टाकायच्या आधी, ते सराव करत होते, तेव्हा मी दाराआडून व्हिडिओ घेतला. ज्ञानेशदादाच्या फोनवर पाठवला आहे. तुला ऐकू येणार नाही, पण त्यांचा चेहरा बघ. शाळेत फळ्यासमोर उभं केल्यासारखा आहे. हसू आलं तर हस, मग काहीतरी सुचव.

माया आहे ती पाठवत राहा, पप्पांना कळू न देता.

तुझी,
करिष्मा


तळेगाव दाभाडे,
२७ सप्टेंबर २०२५

चि. रंगरावास,
अ. उ. आ.

करिष्मावर चिडायचं नाही, हे आधीच लिहून ठेवते. तिने पाठवलेला व्हिडिओ मी बघितला. यंत्र कानात नव्हतं, त्यामुळे तुझ्या गाण्याचा त्रास अजिबात झाला नाही. परत परत बघितला. ज्ञानेशला वाटलं, मला त्याचा फोन आवडला.

रंगा, तुझा गळा बिघडलेला नाही. तुझा गुडघा खाली जातो तेव्हा तुझे ओठ मिटतात, खांदे वर येतात आणि नजर बोटांवर खिळते. पाय वर आला की खांदे पडतात आणि तोंड उघडतं. दर वेळी. एकदाही चुकत नाही.

हे मी संसारभर पाहिलं आहे. तुझे भावोजी उद्धवराव रात्रपाळी करून आले की सकाळी माझ्या शिलाई मशीनवर हौसेने उशांचे अभ्रे शिवायचे. पायटा दाबताना त्यांच्याशी बोललं तर उत्तर यायचं नाही. मी चिडायचे, की नवरा ऐकून न ऐकल्यासारखं करतो. मग एकदा लक्षात आलं, ते श्वास धरून बसलेत. अभ्र्यासाठी! प्रेसवर एकदा कुणाच्या तरी हाकेला ओ देताना त्यांच्या बोटाचं पेर गेलं होतं, तेव्हापासून पाय खाली म्हणजे श्वास बंद.

तू त्याच शाळेतला. तुला गाणं येत नाही असं नाही, तू अजून प्रेसवर बसलेला आहेस. साहेबाने दिलेल्या टेबलाला पायपट्टी आहे, आणि तुझ्या पायाला वाटतं की वरून काहीतरी खाली येणार आहे.

उपाय मला माहीत नाही. रोग सांगितला, औषध तू शोध. इस्त्री दुसऱ्या टेबलावर करायला दीपमालाला सांग.

करिष्मा गाईल ती पुढच्या वर्षी. यंदा मी तुझंच ऐकणार.

आधी प्रेम, मग ओरडा, असं समजून वाच.

तुझी,
इंदुताई


दापोडी,
४ ऑक्टोबर २०२५

ती. इंदुताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि पहिल्यांदा दत्तोबा उस्ताद आठवले. मला प्रेसवर बसवलं तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी दम दिला होता: पाय दाबला की बोलायचं न्हाई, बघायचं न्हाई, श्वाससुदीक घ्यायचा न्हाई, मशीन वर गेल्यावर काय ती बडबड. माझी दहाही बोटं त्या दमामुळे शाबूत आहेत. तीच बोटं घेऊन मी गिटारवर बसलो आणि विचारत होतो, आवाज का येत नाही. माझ्या मठ्ठपणाला मी एवढी वर्षं साधेपणा समजत होतो.

सवय मोडायचा प्रयत्न दोन दिवस केला. मोडत नाही, आणि खरं सांगायचं तर मोडावीशी वाटत नाही. मग उलटं केलं. ओळ संपली की श्वास घेऊन थांबायचंच असतं, तेव्हाच पट्टी दाबून ठेवायची, आणि गाताना फक्त सोडायची. गळा लगेच चालू झाला. गंमत अशी की त्यामुळे प्रत्येक ओळ वरून सुरू होते आणि घसरत खाली येते, अगदी शिफ्ट सुटल्यावर भोंगा विझत जातो तशी. तू हळदीत केलेली थट्टा मी आता मशीनवर बसवली आहे.

खंडेनवमीला कंपनीत बोलावणं होतं. प्रेसना झेंडूच्या माळा, मशीन बंद, समोर सगळे जुने प्रेसवाले. मी म्हटलं, इथेच बघू. गायलो, ताई. लोक हसले, पण ओळीच्या अर्थाला हसले, माझ्या गळ्याला नाही. मात्र माझा पाय खाली गेला की समोरची अख्खी रांग श्वास धरत होती. हिंदुराव तर शेवटी धापा टाकत उठला आणि म्हणाला, रंगराव, पुढच्या वर्षी छोटं गाणं घ्या राव, माझी बायपास झालीय.

तुला जाडे आवाज येतात म्हणून तारा उतरवून लावल्या आहेत. आता घरातली भांडी थरथरतात.

एक अडचण उरली. ‘पुन्हा वाजता शिफ्ट सुटे’ इथे तुझी चाल वर चढते. तिथे गाता गाताच पट्टी दाबावी लागते आणि मी ‘पुन्हा’वर येऊन बंद पडतो. प्रेस शॉपमध्ये ती ओळ हिंदुरावने ओरडून पुरी केली. चाल तुझी आहे, म्हणून परवानगी मागतो. शेवट खाली आणू का?

सुजितकडे गेलो होतो, पण गिटार द्यायला नाही. भाऊबीजेला त्याचा टेंपो हवाय म्हणून.

नाही म्हणालीस तरी मनातून उतरवू नकोस.

तुझा,
रंगा


तळेगाव दाभाडे,
१२ ऑक्टोबर २०२५

चि. रंगरावास,
अ. उ. आ.

चाल बदलायची नाही. हळदीला मी तो शेवट वर नेला, कारण सगळ्या बायकांनी तिथे एकदम ओरडायचं होतं. तू गच्चीवर पळालास म्हणून ते राहिलं.

कानाचं थोडक्यात लिहिते. परवा ज्ञानेशने दार वाजवलं ते यंत्र घालूनही ऐकू आलं नाही. दारावर हात होता म्हणून कळलं. त्यावरून सुचलं. भाऊबीजेला तू पुढच्या खोलीत बस, खिडकीपाशी. ओवाळून झालं की मी शेजारी पाट घेऊन बसेन आणि तुझ्या टेबलाच्या लाकडावर हात ठेवेन. जे कानातून येईल ते येईल, उरलेलं हातातून घेईन. सुनेने भांडी आधीच खाली काढून ठेवायचं कबूल केलं आहे.

शेवटच्या ओळीची काळजी करू नकोस. ‘पुन्हा’पर्यंत तू ये, आणि खुशाल पट्टी दाबून श्वास धरून बस, दत्तोबांनी शिकवलं तसा. पुढचं मी म्हणते. माझा आवाज मला ऐकू येत नाही म्हणून गेलं वर्षभर मी काही गायले नाही. सूर चुकला तर तुम्ही सोसा, मला कळणार नाही. कधी सुरू करायचं ते मात्र कळेल. मी तुझ्या गुडघ्याकडे बघत असेन.

टेंपो दहापर्यंत येऊ दे. अनारसे केलेत. ते गाण्यानंतर मिळतील.

वाट बघते, यातच सगळं आलं.

तुझी,
इंदुताई