व्हिलन शब्दाचा मूळ अर्थ

८ नोव्हेंबर, सकाळ
उद्या राजेश्वरीचा साखरपुडा. मुलगा प्रज्ञेश, बेडसे गावचा, तळेगावला कंपनीत. त्याचे वडील गेणूभाऊ लोणावळ्यात एका व्हिलाचे केअरटेकर आहेत. त्यावरून आमच्या नातेवाइकांत कुजबुज. वडगावात इंग्लिशचे क्लास घेणाऱ्या सरांना हेच व्याही मिळाले का, वगैरे. उद्या माइकवर सगळ्यांची तोंडं बंद करणार. कालच वाचलं: लॅटिनमध्ये व्हिला म्हणजे शेतावरचं घर. तिथे राबणारा तो व्हिलन. मुळात साधा कष्टकरी माणूस! वाईट अर्थ नंतर चिकटला. व्याह्यांचा यापेक्षा मोठा सन्मान कोणता?
राजेश्वरी म्हणाली, पप्पा, उद्या 'या, बसा, जेवून जा' एवढंच बोला. तिला सरप्राइज आहे.

९ नोव्हेंबर, संध्याकाळ
भाषण झालं.
पूर्ण नाही झालं.
सुरुवात दमदार केली: "आमचे व्याही गेणूभाऊ हे खरेखुरे व्हिलन आहेत!" इथे पॉज घेतला. पॉजमध्येच माइक गेला. साउंडवाला पप्पू म्हणतो लाइट गेली. पंखे चालू होते. लॅटिनचा भाग मी ओरडून सांगितला, पण तोवर आमच्याच बाजूचे लोक फिदीफिदी हसायला लागले होते. गेणूभाऊ फेटा सावरत जमिनीकडे बघत राहिले. मुलाकडची मंडळी जेवायला थांबली नाहीत. मुलाच्या आईने, भामाबाईंनी, फक्त पाणी घेतलं. श्रीखंड पातेलंभर उरलं.
जरा ओशाळल्यासारखं झालं. पण चूक माइकची.

१० नोव्हेंबर
सौ. बोलत नाही. राजेश्वरी खोलीतून बाहेर येत नाही. मी मंडईत गेलो नाही. गुडघा दुखतोय. क्लासच्या ग्रुपवर कोणीतरी माझा व्हिडिओ टाकला, नेमका पॉजपर्यंत.
संकल्प: गेणूभाऊंना सविस्तर व्हॉइस मेसेज. माणूस समजूतदार आहे.

दुपारी
पाठवला. एकदम मुद्देसूद. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत येताना अर्थ कसा घसरत गेला ते क्रमाने सांगितलं: आधी शेतावरचा गडी, मग हलक्या कुळातला, मग गावंढळ, मग नीच, मग बदमाश. निळी खूण आली, म्हणजे त्यांनी ऐकलाय. आता गैरसमज राहणार नाही.

११ नोव्हेंबर
प्रज्ञेशचा राजेश्वरीला फोन. त्यांनी मेसेज स्पीकरवर लावला होता. सगळी भावकी बसलेली. 'हलक्या कुळातला' ऐकून गेणूभाऊ उठून गोठ्यात गेले ते जेवायलाही आले नाहीत. लग्न मोडायचं का, असं बोलणं चाललंय.
राजेश्वरीने विचारलं, "पप्पा, तुम्ही त्यांचा मान ठेवायला बोललात की तुमचं इंग्लिश दाखवायला?"
मी म्हणालो, दोन्ही.
मी चष्मा पुसायला घेतला.

१३ नोव्हेंबर
क्लासला सुट्टी दिली. कारण लिहिलं: घरगुती कार्यक्रम. गुडघा बरा आहे, खरं तर पहिल्यापासूनच बरा होता. मंडईत मात्र आजही गेलो नाही.

१६ नोव्हेंबर
राजेश्वरीला घेऊन बेडशाला जाऊन आलो. निघतानाच ठरवलं होतं, एकही इंग्रजी शब्द नाही. मराठीत माफी मागायची आणि गप्प बसायचं.
ओसरीवर बसलो आणि तोंडातून निघालं, "सॉरी."
कोणी काही बोलेना. शांतता मला सोसत नाही. म्हणून म्हणालो, सॉरी हा शब्द लोकांना वाटतो तसा सॉरोवरून, म्हणजे दुःखावरून, आलेला नाही, तो सोअरवरून, म्हणजे दुखरं या अर्थाच्या... राजेश्वरीने कपाळाला हात लावला.
भामाबाई म्हणाल्या, "सर, शब्द कुटनं आला त्ये ऱ्हाऊ द्या. आमच्या घरात त्यो तुमच्या तोंडातनं आला."
मी गप्प. पहिल्यांदाच जमलं.
मग गेणूभाऊ म्हणाले, "व्हिलावर आल्यागेल्याचं मी लय काय काय ऐकून घेतो. तितं त्याचा पगार हाये. त्या दिवशी माजी मानसं बसली व्हती, सर." मग राजेश्वरीकडे बघून म्हणाले, "पोरीचा काय दोष? लगीन व्हईल. तुमी फकस्त बोलू नका."
चहा दिला. सगळा प्यायलो. येताना राजेश्वरी गाडीवर मागे बसली होती, पण माझ्या खांद्याला न धरता. मी हेल्मेटची काच खालीच ठेवली. कामशेतच्या रस्त्याला धूळ फार.

७ डिसेंबर, संध्याकाळ
लग्न लागलं. छान झालं. मी बोललो नाही. निवेदक 'वधूपित्याचं मनोगत' म्हणाला तेव्हा सौ.ने माझं मनगट घट्ट धरलं. तशी गरज नव्हती. पंगतीला गेणूभाऊ सगळ्यांना स्वतः हाताला धरून बसवत होते. मलाही बसवलं. मान वर करून त्यांच्याकडे बघणं झालं नाही.
पाठवणीला राजेश्वरी गाडीशी थांबली. माझ्याकडे बघत होती. आता बोलायला कोणाचीच हरकत नव्हती. गेणूभाऊ तर मुद्दाम बाजूला सरकले. मी तोंड उघडलं. म्हणालो, "पोचल्यावर फोन कर."
"हो," म्हणाली.
बेडसे अर्ध्या तासावर. मोबाइल चार्ज करून समोर ठेवला, आवाज मोठा केला.
आत्ता फोन आला. सौ.च्या मोबाइलवर.