गाण्याखालचा आवाज

लालबाग,
८ फेब्रुवारी २०२५

चि. शंतनूस काकूचे आशीर्वाद.

तुझा परवानगीचा कागद परत पाठवायचाच होता, म्हणून सोबत हे लिहिते. फोनवर मला नीट बोलता येत नाही. आम्ही ठीक आहोत. काकांचा गुडघा बरा आहे. तुझी आई हिंदमाताच्या बाजारात भेटली होती, तू वेळेवर जेवत नाहीस म्हणाली. कॉलेजची स्पर्धा होईल रे, आधी पोटाकडे बघ.

उन्मेष गेल्यावर त्याच्या फोनमधल्या क्लिप जोडून तू केलेली फिल्म काल दोघांनी पाहिली. छान झालीय. तो असता तर म्हणाला असता, "भावा, एवढी लांब कशाला ताणलीस?" आणि मग स्वतःच पुन्हा पुन्हा बघत बसला असता.

एक विचारायचं होतं. विचारायचं काय म्हणा, तू सांगितलंच आहेस. मी बांगडे साफ करतेय, तो तुकडा. मागे समोरच्या दीपिकाच्या हळदीचं गाणं वाजतंय. गाण्याच्या कंपनीची परवानगी नाही, म्हणून स्पर्धावाले घेणार नाहीत. तू सगळा आवाज काढून बासरी घातलीस. नुसता उन्मेषचा आवाज वेगळा करून पाहिलास, तर तो भलत्याच कुणाचा वाटत होता.

मला समजतं रे. ते गाणं आपलं नाही. पण त्या गाण्याखाली माझ्या पोराचा आवाज होता. कॅमेरा कायम त्याच्याच हातात, त्यामुळे अख्ख्या फिल्ममध्ये तो बोलतो ते तेवढंच. "मातोश्री, जरा इकडे बघा!" मी म्हणते, "मेल्या, हात बरबटलेत माझे," आणि हसते.

आता मी नुसतीच वर बघते, ओठ हलतात, हसते. कुणाकडे बघून, तेच कळत नाही. काका उठून गॅलरीत गेले.

तेवढा तुकडा काढ. त्याने हाक मारली म्हणून मी हसले होते. बाकी सगळं खुशाल वापर. आणि त्याच्या नावाबरोबर तुझंही नाव घाल, लाजू नकोस.

वारस म्हणून आम्ही दोघांनी सह्या केल्या आहेत. वर क्लिप ज्याच्या, त्याचं नाव लिहिलंय. त्यापुढे 'हयात / मयत' छापलंय, नको ते खोडायचं. काकांनी पेन हातात दिलं होतं, माझ्याने झालं नाही. तेवढं तू खोड, बाळा.

उन्मेषची आई